ॲड-ऑन एकदाच विकत घ्यावे की दरवर्षी पैसे भरावेत?

लातूरच्या बाजार समितीतल्या आडत दुकानांत सोयाबीनच्या हंगामात संगणकावर जे काम चालते, त्यातले सगळे काम मूळ टॅलीचे नसते. टॅली खाती सांभाळते, जीएसटीचा हिशेब ठेवते आणि ताळेबंद काढून देते. पण शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, म्हणजे किती कट्टे आले, वजन किती भरले, हमाली आणि तोलाई किती कापली आणि सगळे वजा जाता देणे किती निघाले हे सांगणारा कागद, दुकानाला हवा तसा छापून देण्याची सोय तिच्यात मुळात नसते. ती सोय कोणीतरी टॅलीच्याच भाषेत लिहून तिला जोडून दिलेली असते आणि बाजारात सगळे तिला नुसते ‘टीडीएल’ म्हणतात. फोटो स्टुडिओत फोटोशॉपला जोडलेले त्वचा साफ करण्याचे प्लगिन, वाळूजच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशिनला समजेल असा प्रोग्रॅम काढून देणारा पोस्ट-प्रोसेसर, शिकवणी वर्गाच्या वर्डप्रेस संकेतस्थळावर फी भरून घेणारे प्लगिन, ही सगळी याच वर्गातली ॲड-ऑन आहेत. मूळ सॉफ्टवेअर एका कंपनीचे, जोडलेला छोटा भाग दुसऱ्याच कोणाचा, आणि रोजचे काम मात्र अडते ते बहुतेक वेळा त्या छोट्या भागावाचून.

मूळ सॉफ्टवेअर घेताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. ॲड-ऑनची किंमत त्यामानाने लहान असल्यामुळे तो विक्रेता सांगेल ती योजना घेऊन मोकळा होतो, आणि दोन-तीन वर्षांनी रिन्यूअलचा फोन आला की आपण नेमके काय घेतले होते हा प्रश्न त्याला पडतो. हिशेबाच्या आणि कराच्या कामानिमित्त अशी दुकाने आणि स्टुडिओ जवळून पाहण्यात येतात, तेव्हा जाणवते की या निर्णयासाठी लागणारे गणित अवघड नाही. ते कोणी नीट मांडून दाखवत नाही, एवढेच.

पैसे मागण्याच्या पद्धती मुळात दोन आहेत. पहिलीत एकदा किंमत मोजायची आणि ती आवृत्ती कायम वापरायची. दुसरीत महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरत राहायचे आणि भरणे थांबले की वापरही थांबतो, हे सबस्क्रिप्शन. आपल्याकडे प्रत्यक्षात जास्त चालते ती मात्र या दोन्हींची मिसळ. टॅलीचेच पाहा: तिचे कायमचे लायसन्स घेतले की पहिल्या वर्षाची टीएसएस सेवा सोबत येते, त्यानंतर ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. न घेतली तर हातातली टॅली चालत राहते, पण पुढच्या आवृत्त्या मिळत नाहीत आणि ऑनलाइन जोडलेल्या काही सेवा बंद होतात. टीडीएल विकणारेही याच वाटेने जातात आणि वार्षिक शुल्काला एएमसी म्हणतात. त्यामुळे ‘एकदाच की दरवर्षी’ असा सरळ प्रश्न विचारला तर विक्रेता मनापासून ‘एकदाच’ म्हणतो आणि त्याचे उत्तर खोटेही नसते. विचारायचे ते वेगळे आहे: मी पैसे भरणे थांबवले, त्या दिवशी माझ्या हातात काय उरेल?

या एका प्रश्नाची उत्तरे फार वेगवेगळी येतात. काही ॲड-ऑन आहे तसे चालत राहते. काही उघडतच नाही. काही चालते, पण मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली की बंद पडते. आणि काही बंद पडताना तुमच्या जुन्या नोंदीही नजरेआड करते, ज्याची कल्पना घेताना बहुतेकांना नसते. त्याकडे मी पुढे येणारच आहे, कारण माझ्या मते किमतीपेक्षाही ती बाब गंभीर आहे.

आधी ‘लाइफटाइम’ या आश्वासनाचा विचार करू. ॲड-ऑनचे आयुष्य त्याच्या मूळ सॉफ्टवेअरच्या आयुष्याला बांधलेले असते. बांडगुळाला झाडापलीकडे आयुष्य नसते, तसेच हे. टॅलीची टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा आधीच्या टॅली ईआरपी ९ साठी लिहिलेल्या अनेक टीडीएलमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागली. ज्यांचा लिहून देणारा संपर्कात होता त्यांचे काम झाले; ज्यांचा गाव सोडून पुण्याला नोकरीला गेला होता, त्यांना नवी टीडीएल घ्यावी लागली किंवा जुन्याच टॅलीवर थांबावे लागले. फोटोशॉपच्या बाबतीत हेच ऑक्टोबर २०१८ मध्ये घडले. त्या वेळच्या आवृत्तीपासून विंडोजवरचे फोटोशॉप फक्त ६४-बिट राहिले आणि केवळ ३२-बिटसाठी लिहिलेली जुनी प्लगिन नव्या आवृत्तीत चालेनाशी झाली. या कोणत्याही प्रसंगात प्लगिन विकणाऱ्याने फसवले नव्हते. त्याने कायमचे दिलेले कायमचेच होते. खालची जमीन मात्र तिसऱ्याच्या मालकीची होती.

कधी कधी प्लगिनचा मालकच बदलत जातो. निक कलेक्शन हा फोटोग्राफरांच्या चांगल्या परिचयाचा संच याचे बोलके उदाहरण आहे. एके काळी त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर होती. २०१२ मध्ये गूगलने निक सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली, २०१३ मध्ये संपूर्ण संच १४९ डॉलरला केला आणि मार्च २०१६ मध्ये तो चक्क फुकट करून टाकला. ज्यांना फुकट मिळाला त्यांना आनंद झाला, पण पुढच्याच वर्षी मे महिन्यात गूगलने जाहीर केले की यापुढे त्यात कोणतीही सुधारणा होणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएक्सओ या फ्रेंच कंपनीने तो विकत घेतला आणि २०१८ पासून तो पुन्हा पैसे मोजून घ्यावा लागू लागला. फुकट प्लगिनच्या मागे उभे राहायला कोणाला कारण नसते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते, आणि दरवर्षी पैसे मागणाऱ्या विक्रेत्याची बाजू समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

कोणत्या ॲड-ऑनसाठी दरवर्षी पैसे भरणे रास्त आहे, हे त्याच्याभोवतीचे जग किती वेगाने बदलते यावर ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. जालन्यातल्या एखाद्या कृषी साहित्याच्या दुकानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ठिबक आणि तुषार संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले, ट्रॅक्टरही १२ वरून ५ वर आला आणि ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५ वर आले, आणि हे सगळे एका रात्रीत. टॅलीत दर बदलण्याची सोय आहेच. पण ज्या दुकानात बिलाचा नमुना टीडीएलने बनवलेला होता आणि लिहिणाऱ्याने त्यात दर थेट लिहून ठेवले होते, तिथे ती टीडीएल दुरुस्त होईपर्यंत बिल चुकीचे निघण्याचा धोका होता, तोही नवरात्राच्या खरेदीच्या तोंडावर. अशा वेळी फोन उचलणारा आणि त्याच दिवशी दुरुस्ती पाठवणारा माणूस असणे, हीच खरी वस्तू आहे. कायद्याला बांधलेल्या कोणत्याही ॲड-ऑनला, मग ते ई-इनव्हॉइसचे असो, ई-वे बिलाचे असो की पगारपत्रकाचे, दरवर्षी पैसे मोजावेत. तिथे ‘एकदाच भरा आणि विसरा’ असे सांगणाऱ्याकडे उलट संशयाने पाहावे, कारण पुढच्या दुरुस्तीची वेळ येईल तेव्हा ती करून देण्यात त्याचा काहीही लाभ उरलेला नसेल.

याच्या दुसऱ्या टोकाला वाळूजचा तो पोस्ट-प्रोसेसर आहे. वर्कशॉपमध्ये फॅनुक कंपनीचा कंट्रोलर, म्हणजे मशिन चालवणारा संगणक, असलेले मशिन एकदा बसले की ते पंधरा-वीस वर्षे चालते आणि त्याची भाषा तेवढी वर्षे तीच राहते. पोस्ट-प्रोसेसर एकदा नीट जुळला, पहिल्या काही जॉबवर तपासून झाला, की त्यात दरवर्षी बदलण्यासारखे काही नसते. इथे वार्षिक शुल्क भरणे म्हणजे झालेल्या कामाचे पैसे पुन्हा पुन्हा देणे होय. असे ॲड-ऑन एकदाच विकत घ्यावे, त्याची फाइल आणि सिरीयल नंबर दोन ठिकाणी जपून ठेवावेत, आणि कॅमच्या, म्हणजे मशिनवरचे काम संगणकावर आखण्याच्या, सॉफ्टवेअरची जी आवृत्ती त्याच्याशी जुळते ती केवळ नवी आली म्हणून बदलू नये. फक्त एक काळजी घ्यावी लागते. संगणकाचे विंडोज अनंत काळ जुने ठेवता येत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अशा जुन्या संगणकाला इंटरनेटपासून दूर ठेवणेच शहाणपणाचे आहे.

वर्डप्रेसचे प्लगिन या दोन्हींपेक्षा वेगळे असते. ही प्लगिन सहसा जीपीएल या मुक्त वापराची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली येतात, त्यामुळे वर्षाचे शुल्क संपले तरी बहुतेक वेळा ती चालत राहतात. थांबतात ती अद्यतने आणि मदत. दिसायला काहीच बिघडत नाही, म्हणून संस्थाचालक शुल्क भरायचे टाळतात. पण संकेतस्थळ चोवीस तास जगासमोर उघडे असते, प्लगिनमधली त्रुटी सापडली की ती जगजाहीर होते, आणि जुनी आवृत्ती चालवणारी संकेतस्थळे शोधून काढणे अवघड नसते. फी भरून घेणारे प्लगिन असेल, तर एक तर शुल्क भरावे किंवा ते काढून टाकावे. कोडकॅनियनसारख्या बाजारात एकदाच किंमत मोजून प्लगिन मिळते खरे आणि पुढची अद्यतनेही मिळतात, पण किमतीत धरलेली मदत सहा महिन्यांची असते, हे बारीक अक्षरातले वाक्य वाचून मगच घ्यावे.

आता पैशांचे गणित. आकडे केवळ समजण्यासाठी धरू. एका टीडीएलची एकरकमी किंमत १२,००० रुपये आहे आणि तीच दरवर्षी ४,००० रुपये भरूनही मिळते. वरवर पाहता तीन वर्षांत दोन्ही सारखे होतात आणि चौथ्या वर्षापासून एकरकमी खरेदी स्वस्त पडते. बहुतेक जण इथेच थांबतात. पण एकरकमी खरेदीवर दुसऱ्या वर्षापासून २,००० रुपये एएमसी असेल, तर पाच वर्षांत तिचा खर्च १२,००० अधिक चार वर्षांचे ८,००० असा २०,००० होतो, आणि सबस्क्रिप्शनचाही पाच वर्षांचा खर्च २०,०००च होतो. म्हणजे बरोबरीचा मुक्काम तीनवरून पाच वर्षांवर गेला. पाच वर्षे ही टीडीएल याच रूपात, याच टॅलीवर आपल्याला लागणार आहे का, हा प्रश्न मग उभा राहतो, आणि टॅलीप्राइमचा अनुभव पाहिलेल्या माणसाला त्याचे उत्तर बेधडक ‘हो’ असे देता येणार नाही.

त्यात व्याज आहे. आपल्या भागात अनेक छोटे व्यापारी हंगामाआधी हातउसने घेतात आणि दोन रुपये शेकडा, म्हणजे महिन्याला दोन टक्के, हा दर कोणाला नवा नाही. एएमसी नसलेली पहिली स्थिती घेतली तर एकरकमी खरेदी करणाऱ्याचे पहिल्या वर्षी ८,००० आणि दुसऱ्या वर्षी ४,००० रुपये जास्तीचे अडकतात. त्यावरचे सरळ व्याज पहिल्या वर्षी १,९२० आणि दुसऱ्या वर्षी ९६० रुपये, एकूण २,८८० होते. चौथ्या वर्षी जे ४,००० रुपये वाचणार होते त्यातले एवढे व्याजातच गेले आणि प्रत्यक्षात हाती १,१२० रुपये उरले. ज्याच्याकडे स्वतःचे पैसे पडून आहेत त्याला हे लागू नाही. पण उसने काढून ‘लाइफटाइम’ घेणाऱ्याने हे चार आकडे आधी कागदावर मांडून पाहावेत.

मराठवाड्यात पैसे बारा महिने सारखे येत नाहीत, हे तर कोणत्याही योजनेच्या जाहिरातीत धरलेले नसते. आडतीचा व्यवसाय सोयाबीन येते तेव्हा आणि पुढे तूर येते तेव्हा फुलतो. अंबाजोगाई किंवा परभणीतल्या लग्नाच्या फोटोग्राफरचे काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की जवळपास थांबते. अशा माणसाला ‘महिन्याला फक्त ६५० रुपये’ असे सांगितले जाते, तेव्हा तो वार्षिक करार असून त्याचे हप्ते मासिक केलेले आहेत की ती खरोखरची मासिक योजना आहे, हे त्याने पहिल्यांदा विचारले पाहिजे. समजा खरी मासिक योजना ८०० रुपयांची आहे. कामाचे आठ महिने ती चालवून बाकीचे चार महिने बंद ठेवली तर वर्षाला ६,४०० रुपये लागतात. ६५० रुपयांचा वार्षिक करार मात्र बारा महिन्यांचा असल्यामुळे ७,८०० रुपयांना पडतो. आठ महिन्यांनी मध्येच सोडायचे म्हटले आणि उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम दंड म्हणून द्यावी लागली, तरी ५,२०० आणि १,३०० मिळून ६,५०० होतात. महाग दिसणारी योजना हंगामी माणसाला स्वस्त पडते. निम्म्या हप्त्यांच्या दंडाची ही कल्पना मनची नाही. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीच्या वार्षिक करार-मासिक हप्ता योजनेतली नेमकी अशीच अट ग्राहकांपासून झाकून ठेवल्याचा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये न्यायालयात तक्रार दाखल केली होती.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या ऑनलाइन रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात नाव घेऊन सांगितलेल्या १३ प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे: घेणे सोपे आणि रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करणारा फोटोग्राफर किंवा डीटीपीवाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, त्यामुळे ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्हाला तक्रार करता येणार नाही’ हे उत्तर त्याने ऐकून घेऊ नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खात्यातून आपोआप पैसे जाण्याची भीती अनेकांना वाटते आणि तिच्यात तथ्य आहे, पण नियम आता बऱ्यापैकी ग्राहकाच्या बाजूचे आहेत. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू केलेल्या व्यवस्थेनुसार कार्डावरून ठरावीक मुदतीने पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने कळवावे लागते, आणि सॉफ्टवेअरसारख्या सेवांसाठी १५,००० रुपयांपेक्षा मोठी रक्कम दर वेळी ओटीपी दिल्याशिवाय जात नाही. ती सूचना ज्या मोबाइलवर येते तो नंबर मालकाचाच असावा, दुकान सोडून गेलेल्या जुन्या मुनीमाचा नसावा, एवढे मात्र पाहिले पाहिजे. डॉलरमध्ये किंमत असलेल्या परदेशी प्लगिनबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ५० डॉलरचे वार्षिक शुल्क २०२२ च्या सुरुवातीला साधारण ३,७०० रुपयांना पडत होते, तेच २०२५ च्या सुरुवातीला ४,२५० रुपयांच्या पुढे गेले होते, आणि कार्डाचे परकीय चलन शुल्क त्यावर वेगळे. विक्रेत्याने दर एका पैशानेही वाढवलेला नव्हता. एकरकमी खरेदीत ही जोखीम एका दिवसापुरती असते. सबस्क्रिप्शनमध्ये ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

कराचा भाग थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाचे प्रकरण वेगळे असते आणि अखेरचा शब्द आपल्या सीएचाच घ्यावा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणी असलेल्याला त्याची वजावट मिळते, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मिळत नाही, म्हणून त्याने तुलना नेहमी कर धरूनच करावी. सबस्क्रिप्शन हा त्या वर्षाचा खर्च म्हणून पूर्ण दाखवता येतो. एकरकमी खरेदी भांडवली धरली तर तिच्यावर ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे १२,००० वर पहिल्या वर्षी ४,८००. पण वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्याच्या निम्माच, २,४०० मिळतो. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर दिवाळीत खरेदी करणारे नेमके या निम्म्यात सापडतात. अर्थात जे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर अंदाजित उत्पन्न दाखवून विवरण भरतात, त्यांना या दोन पद्धतींमध्ये आयकराच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही, आणि छोट्या दुकानदारांत असे बरेच आहेत.

आता नोंदींचा मुद्दा. पट्टीच्या टीडीएलमध्ये कट्ट्यांची संख्या, काट्याचे वजन, गाडी नंबर, हमालाच्या टोळीचे नाव अशा ज्या जास्तीच्या रकान्यांत रोज माहिती भरली जाते, ते रकाने मूळ टॅलीचे नसतात. टीडीएलने ते बनवलेले असतात. टीडीएल बंद झाली की ती माहिती टॅलीच्या फाइलमध्ये पडून असते, पण पडद्यावर दिसत नाही. व्हाउचर उघडले तर रक्कम दिसते, खाते दिसते, मात्र हे कोणाचे किती कट्टे होते ते दिसत नाही. शेतकरी वर्षभराने जुनी पट्टी घेऊन शंका विचारायला आला, किंवा अधिकाऱ्याने जुना व्यवहार तपासायला मागितला, तर उत्तर देणार कुठून? जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे एक वर्षाचे सबस्क्रिप्शन घेणाऱ्यावरही जबाबदारी सहा वर्षांची असते.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्यासमोर बसून एक चाचणी करून घ्यावी, जी कोणताही प्रामाणिक विक्रेता नाकारणार नाही. डेमो कंपनीत चार पट्ट्या बनवाव्यात, मग टीडीएल काढून टाकायला सांगावे आणि त्या चार पट्ट्यांचे काय दिसते ते पाहावे. काही दिसत नसेल तर सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढण्याची सोय टीडीएलमध्ये आहे का आणि मुदत संपल्यावरही ती चालेल का, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. सोय असो वा नसो, दर आर्थिक वर्षाच्या शेवटी सगळ्या पट्ट्या पीडीएफमध्ये काढून वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. ज्या ॲड-ऑनमधून आपली माहिती बाहेर काढता येत नाही ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

विक्रेत्याच्या बाजूने पाहिले तर एकरकमी विक्रीत त्याचीही कोंडी होते, आणि आपल्या भागातल्या विक्रेत्याची जास्त होते. एका तालुक्याच्या बाजारात आडतीची दुकाने ती किती असणार? ओळखीच्या सगळ्यांना टीडीएल विकून झाली की नवे गिऱ्हाईक नसते, पण महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या वेळी, जुन्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन येतच राहतो. ते फोन फुकट उचलत राहायचे किंवा हळूहळू उचलणे बंद करायचे, एवढेच त्याच्या हातात उरते. गावातला चांगला मुलगा हे काम सोडून नोकरीला जातो त्यामागे हे कारण अनेकदा असते. दुकानदाराने एएमसीच्या दोन हजारांसाठी घासाघीस करताना या बाजूचाही हिशेब मांडावा, कारण तो मुलगा टिकणे हे दुकानाच्याच गरजेचे आहे.

दोन्ही बाजूंना परवडेल असा मार्ग मोठ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या रेट्यामुळे शोधलेला आहे. वेव्ह्ज या ध्वनिमुद्रणाच्या प्लगिन बनवणाऱ्या कंपनीने मार्च २०२३ मध्ये एकरकमी विक्री बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवण्याचे जाहीर केले. संगीतकार आणि रेकॉर्डिंगवाले असे काही खवळले की काही दिवसांतच कंपनीला एकरकमी विक्री परत आणावी लागली. प्रोग्रॅमरांसाठी साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्सने सप्टेंबर २०१५ मध्ये असाच निर्णय घेतला होता. तिथेही ओरड झाली आणि कंपनीने मधला तोडगा काढला: सलग बारा महिने पैसे भरले की त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीला जी आवृत्ती होती ती ग्राहकाची कायमची झाली. पुढे पैसे थांबवले तर नवे काही मिळणार नाही, पण हातातले काढूनही घेतले जाणार नाही.

अशीच अट आपल्याकडच्या टीडीएल लिहिणाऱ्यांनी स्वीकारावी, असे मला मनापासून वाटते, आणि दुकानदारांनी ती मागावी. कोटेशनमध्ये त्यासाठी चार वाक्ये पुरतात. वर्षाचे शुल्क ४,००० रुपये. त्यात कायद्यातील बदलांच्या दुरुस्त्या आणि फोनवरील मदत समाविष्ट. सलग तीन वर्षे शुल्क भरल्यास त्या वेळची आवृत्ती त्या सिरीयल नंबरवर विनामुदत चालू राहील. शुल्क बंद झाल्यानंतरही जुन्या पट्ट्या पाहणे, छापणे आणि एक्सेलमध्ये काढणे कधीही थांबवले जाणार नाही. याखाली दोघांच्या सह्या आणि तारीख घ्यावी, आणि तो कागद टॅलीच्या लायसन्सच्या कागदासोबत त्याच फायलीत लावून ठेवावा.